चावीमावशीने मानलेले आभार

बेटावर तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. कमरेला चाव्यांचा जुडगा असायचा. ती येत असली की आधी जुडगा ऐकू यायचा आणि मग ती दिसायची. म्हणून ती चावीमावशी. टेकडीवरचा बंगला तिच्या ताब्यात होता. मोठाल्या खोल्या, समुद्राकडे तोंड केलेला लांबलचक व्हरांडा आणि खाऱ्या वाऱ्याने सारख्या गंजणाऱ्या कड्या. त्या कड्यांना तेल घालता घालता तिची उमेदीची वर्षं सरली. मागच्या अंगाला तिला राहायला एक खोली होती, आणि त्या खोलीवर ती बेहद्द खूश होती.

बंगल्याचे साहेब वर्षातून दोन-तीनदा यायचे, स्वतःच्या बोटीने. माणूस घुमा. सकाळी व्हरांड्यात चहा घेत समुद्राकडे बघत बसायचा आणि कप स्वतःच विसळून ठेवायचा. मावशीला त्याचा राग यायचा. "मग मला पगार कशाचा देता?" असं ती तोंडावर विचारायची, आणि साहेब हसायचे. ते धंदा कसला करतात हे मात्र तिने कधी विचारलं नाही. पैसेवाल्याला धंदा विचारू नये, एवढं तिला कळत होतं.

मग तो वादळाचा दिवस आला. मावशीच्या लेकीला दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या. बेटावर दवाखाना होता, पण डॉक्टर यायचे मंगळवारी आणि कळा आल्या शुक्रवारी. फेरीबोट बंद. त्याच फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा जावई धक्क्यावर डोक्याला हात लावून बसलेला. मावशी धापा टाकत टेकडी चढली. साहेबांनी तिचं निम्मंच ऐकलं आणि पायात सपाता होत्या तसे खाली उतरले. खलाशी म्हणाला, अशा समुद्रात मी बोट काढणार नाही. साहेबांनी त्याला बाजूला केलं आणि सुकाणू स्वतः धरलं. पलीकडच्या किनाऱ्यावर इस्पितळात पोचले तेव्हा सगळे नखशिखांत भिजलेले. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मायलेकी दोघीही हाती लागल्या नसत्या. नर्सने बाळ बाहेर आणलं. साहेबांनी ते लांबूनच बघितलं आणि मावशी भानावर यायच्या आत निघून गेले. आभार मानायचे राहूनच गेले.

पुन्हा येतील तेव्हा मानू, असं तिने मनाशी ठरवलं. पण साहेब पुन्हा आलेच नाहीत. महिनाभरात दूरच्या एका देशात एक मोठी बँक बुडाली, आणि ती बुडवणाऱ्यांत साहेबांचं नाव पहिलं होतं.

त्या देशाने बंगल्याची चौकशी सुरू केली तर मालक सापडेना. बंगला एका कंपनीचा, ती कंपनी दुसऱ्या बेटावरच्या कंपनीची, आणि ती तिसऱ्या बेटावर एका वकिलाच्या टपालपेटीत राहायची. बंगला एवढा ऐसपैस आणि मालक राहतो पेटीत! बेटावर झेंडा होता तोही लांबच्या एका सरकारचा. ते सरकार म्हणायचं, बेट आमचं, पण बेटावरचे व्यवहार बेटाचे. म्हणजे मूल आमचं, पण खोड्यांचं शेजारच्यांना विचारा. अशी सहा-सात वर्षं गेली. मावशीचा पगार तेवढा कुठल्याशा कंपनीकडून न चुकता येत राहिला.

मग त्या दोन सरकारांचं कशावरून तरी जमलं. परराष्ट्रमंत्र्यांनी हात मिळवले, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि मालकांची नावं झाकायचं बेटाचं जुनं धोरण रातोरात बदललं. त्या फोटोपाठोपाठ बँक बुडालेल्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या एक बाई फेरीबोटीने आल्या, बोट लागून पार गळून गेलेल्या. मावशीने त्यांना व्हरांड्यात बसवून पाणी दिलं.

"हजारो लोकांची म्हातारपणाची पुंजी गेलीय, मावशी," बाई म्हणाल्या. "तुमचे साहेब म्हणतात, बंगला माझा नाही, त्या बेटावर मी पाऊलही ठेवलेलं नाही. बंगला त्यांचा ठरला तर ते तुरुंगात जातील, आणि बंगला विकून लोकांना थोडंफार देता येईल. तुम्ही त्यांना इथे पाहिलंत, एवढंच सांगायचंय."

"पाऊल ठेवलं नाही म्हणतात?" मावशीने विचारलं. तिला पैशाचं नाही, त्या वाक्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचे वकील आले, चकचकीत बुटांना लागलेला चिखल झटकत. "मावशी, तुम्ही फक्त कानांवर हात ठेवा. ओळखत नाही म्हणा. मागची खोली जन्मभर तुमची, कागदावर लिहून देतो. शेवटी खाल्ल्या मिठाला जागायला नको का?"

"जागायला हवंच," मावशी म्हणाली. वकील समाधानाने परतले.

जावई संध्याकाळी म्हणाला, "आई, गप्प बसा. खोली गेली तर आमच्या दीड खोलीत दाटी होईल."

"होऊ दे," ती म्हणाली. पण अडचण खोलीची नव्हतीच. ओळखते म्हटलं तर ज्या माणसाने नात दिली तो तुरुंगात जायचा. ओळखत नाही म्हटलं तर तो वादळाचा दिवस झालाच नाही, ती बोट कोणी काढलीच नाही, आणि ही पोर आकाशातून पडली असं म्हणायचं. हे तिला जमेना. उपकार तर विसरायचे आणि वर त्यालाच मिठाला जागणं म्हणायचं?

सुनावणी बंदर कचेरीच्या सभागृहात होती. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर परदेशात बसलेले साहेब, शेजारी त्यांचे दुसरे वकील. साहेबांचे केस पांढरे झाले होते. मावशी नातीला घेऊन गेली होती. लहान मुलांना आत आणू नका, असं शिपाई म्हणाला, तर ती म्हणाली, "हिचंच काम आहे."

"यांना ओळखता का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ओळखते. पण आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलू द्या."

"तुम्ही फक्त प्रश्नाचं उत्तर द्या."

"तेच देतेय, जजसाहेब." तिने नातीला पुढे ओढलं आणि पडद्याकडे वळली. "त्या दिवशी तुम्ही न सांगताच गेलात. आभार राहिले. ही बघा, ही तेव्हाची. तुम्ही बोट काढली नसती तर ही नसती, हिची आईही नसती. तुम्ही काय केलंत, काय नाही, ते सरकार बघेल, मला त्यातलं कळत नाही. पण तुम्हाला ओळखत नाही असं माझ्या तोंडून येणार नाही. तेवढी मी नमकहराम नाही."

पडद्यावरच्या वकिलाने साहेबांच्या दंडावर हात ठेवला. साहेब गप्प राहिले असते तर म्हातारीच्या एका शब्दाचं वकिलांनी काहीही केलं असतं. पण ते पुढे वाकले, पोरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "केवढी झाली."

आणि मग, "आई बरी आहे ना हिची?"

"खणखणीत आहे," मावशी म्हणाली.

वकिलाने दंडावरचा हात काढून घेतला आणि समोरचे कागद गोळा करायला सुरुवात केली.

बंगला जप्त झाला, साहेबांना तुरुंगवास झाला. परराष्ट्र खात्याच्या बाई ताबा घ्यायला आल्या, तेव्हा मावशीने सगळ्या कड्यांना तेल घालून ठेवलं होतं आणि तिची ट्रंक बाहेर काढलेली होती.

"वाईट वाटतंय का?" बाईंनी विचारलं.

"वाटतंय की. माझ्या आभारांनी माणूस आत गेला." तिने ट्रंकेचं कुलूप ओढून बघितलं. "पण त्यांनी ओळख दाखवली हो. नसती दाखवली तर सुटलेच असते."

मग तिने कमरेचा जुडगा सोडून बाईंच्या हातात दिला आणि सांगितलं, की व्हरांड्याची कडी जरा उचलून लावायची, नुसती ढकलली तर बसत नाही.