गुड मुलांचं देव ऐकतो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, फादरना तर नाहीच — आणि दर महिन्याला कन्फेशनला जाते हो मी! रागावले, चर्चची मिस्सा चुकवली, सासूबद्दल वाईटसाईट बोलले... सगळं सांगते. हे सोडून.

मी मूळची वसईची. बहरीनला हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर कामाला आले. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. मिस्सेनंतर लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग असतो, तो मी घ्यायचे. सहा-सात वर्षांची पोरं. काय विचारतील, नेम नाही! देव झोपतो का? येशूला अरबी येते का? माझी तारांबळ उडायची, पण आईबाप म्हणायचे, टीचर किती छान समजावतात. ते ऐकायला मला आवडायचं — खोटं कशाला बोलू?

जेनिशा त्याच वर्गात होती. बुसैतीनला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. भारी अवखळ, एका जागी बसेल तर शपथ. तिची आई आजारी पडली, बरीच आजारी, आणि उपचारांसाठी वसईला गेली. मग एका शुक्रवारी पोरीने विचारलं, मी प्रे केलं तर गॉड मम्माला बरं करेल ना?

काय सांगायला हवं होतं मी? मला ठाऊक नाही — एवढं तरी म्हणायचं. नाहीतर इंशाल्ला म्हणायचं, कामावर उठताबसता म्हणतेच की. पण वर्गात नुसता गोंधळ चालला होता, माझं डोकं उठलं होतं, आणि मी म्हणाले, देव गुड मुलांचं ऐकतो. गप्प बसणाऱ्या मुलांचं. वर्ग चिडीचूप झाला. मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून ती पोर बदलली. हात जोडून बसायची. डब्यातला केक दुसऱ्याला देऊन टाकायची. कुणाचा धक्का लागला तर हीच सॉरी म्हणायची. सगळे कौतुक करायचे, आणि ते कौतुक मी घेतलं — माझी शिकवणी ना! ती कशासाठी एवढी शहाणी झाली, ते मला कळत नव्हतं? कळत होतं. अगदी नीट कळत होतं.

तिची आई वारली.

मी काय केलं? डोक्यावरून हात फिरवला, मम्मा आता येशूजवळ आहे म्हणाले. वर्गात जे बोलले होते, तो विषय मी काढलाच नाही. लिफ्टमध्ये दिसली की मी फोनमध्ये डोकं घालायचे. एवढी मोठी बाई, आणि त्या चिमुरडीला घाबरायचे!

पण एवढ्यावरच थांबले असते तर... नाही, आता सांगतेच.

पुढच्या वर्षी तीच मुलं पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या, तयारीला माझ्याकडे आली. त्याआधी मुलांना फादरसमोर पहिलं कन्फेशन करावं लागतं, त्याची आम्ही तालीम घेतो. फादरच्या जागी टीचर खुर्चीत बसते, मुलं एकेक करून शेजारी गुडघे टेकतात आणि एखादं खोटंखोटं पाप सांगतात. होमवर्क केला नाही. भावाला चिमटा काढला. बाकीची रांगेत खिदळत असतात. जेनिशा आली. क्रुसाची खूण केली. आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आय वॉज नॉट गुड इनफ, सो मम्मा डाइड."

तिला तिथल्या तिथे जवळ घ्यायचं आणि म्हणायचं — बाय, ते मी खोटं सांगितलं होतं, तुझी काही चूक नाही. एवढंच तर होतं! पण मागे रांग होती, दाराशी आईबाप उभे होते. पोर रडली असती. तिच्या मनात हे कुणी भरवलं, असं कुणीतरी विचारलं असतं.

"शेवटी सॉरी म्हणायचं विसरलीस," मी म्हणाले.

ती सॉरी म्हणाली. मी पुढच्या मुलाला बोलावलं.

जेनिशा आता कॉलेजात आहे. नाताळला मला न चुकता मेसेज करते. थँक यू टीचर, लिहिते. मी तिला हॅपी ख्रिसमस लिहून पाठवते.