साडभाऊंच्या गाडीची मिसिंग

मोटारीला नाडी असते, ती बोटांनी नव्हे तर कानांनी बघायची असते, आणि ती बघता येणारा वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळून एकच माणूस आहे, असं माझ्या साडभाऊंचं ठाम मत आहे. तो माणूस कोण, हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. समोरच्याने ओळखावं अशी अपेक्षा असते, आणि तो ओळखेपर्यंत ते त्याला उठू देत नाहीत.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पवनीला. उभं आयुष्य हातमागावर गेलं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी माग पुतण्याच्या हवाली केला आणि तीन मालकांकडे नांदून आलेली एक जुनी मरून रंगाची पेट्रोल गाडी घरी आणली. मागावर बसलेल्या माणसाला ठोका चुकला की न बघता कळतं, तसंच इंजिनाचं, हा त्यांचा सिद्धान्त. "इंजिन म्हंजे तरी काय हाय साडभाऊ," ते मला म्हणतात, "चार माग एका खोलीत. एकानं हात आखडला का बाकीच्या तिघाइचं काम बिघडलं." (साडभाऊ हे नातं असं आहे की दोघंही एकमेकांना तेच म्हणू शकतात. ते वयाने मोठे असल्यामुळे मी त्यांना भाऊ म्हणतो.) पाहुणा दारात गाडी लावतो तेव्हा ते त्याला पाणी विचारण्याआधी इंजिन बंद करू नका म्हणून सांगतात. मान तिरपी करून ऐकतात, आणि मगच त्याला घरात घेतात. एका भाचीच्या लग्नात तर वरात मांडवापाशी आली, सुवासिनी ओवाळायला उभ्या होत्या, आणि साडभाऊंनी नवरदेवाच्या गाडीवरचे हार उतरवून बॉनेट उघडायला लावलं. प्लगची एक टोपी सैल निघाली. ती त्यांनी दाबून बसवली, हार पुन्हा चढवले, आणि मुहूर्त टळला म्हणून भटजी कुरकुरत होते तेव्हा मुलीच्या बापाला धीर दिला, "पोरगा चांगला हाय, काळजी नोका करू. फक्त गाडी मिसिंग मारत होती."

मेकॅनिक या जमातीवर त्यांचा राग नाही, दया आहे. "मेकॅनिक पार्ट बदलते. कारण कोणी शोधत नाई." लाखनीला हायवेवर गॅरेजांची रांगच आहे. तिथून जाताना ते काच वर करतात, गाडीच्या कानावर भलतंसलतं पडू नये म्हणून.

आणि नेमकी त्यांचीच गाडी मागच्या हिवाळ्यात मिसिंग मारायला लागली, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकायला लागला. चढ आला की खोकायची, उभी असली की थरथरायची, आणि चालता चालता असा हिसका द्यायची की मागचा माणूस पुढच्याच्या मानेवर यायचा. एरवी साडभाऊंनी हे दुखणं महिनाभर चवीने चालवलं असतं. पण त्यांची लेक तीन महिन्यांची मुलगी घेऊन पुण्याहून पहिल्यांदा माहेरी येत होती. बाळंतपण तिकडेच झालं होतं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, तिकडे राहून आल्या होत्या, पण साडभाऊंनी नात फक्त फोनवर पाहिली होती. संध्याकाळी रेल्वे वरठीच्या स्टेशनवर येणार होती, आणि त्याच दिवशी सकाळी त्यांनी मला कारध्याहून बोलावून घेतलं.

मी पोचलो तेव्हा नवराबायकोची बोलणी शेवटाला आली होती.

"अजी, भाड्याची गाडी सांगा," ताई म्हणत होत्या. "एवढंसं लेकरू हाय. त्याले रस्ताभर झटके द्याचे हायेत का?"

"माही नात भाड्याच्या गाडीत माह्या घरी येणार नाई."

"मंग जेवणापर्यंत पाह्यतो. नाई झालं तं मी फोन करतो," ताईंनी मुदत घातली.

साडभाऊंनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. इंजिन सुरू केलं, हाताला कोरडं जाड फडकं गुंडाळलं आणि प्लगची पहिली वायर उपसली. इंजिन अडखळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

ही परीक्षा आहे असं समजून मी सावधपणे म्हणालो, "मंद झालं वाटतं."

"वाटते का झालं?"

"झालं."

वायर परत बसवून त्यांनी दुसरी काढली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसरी काढल्यावर मात्र मला काहीच वेगळं ऐकू येईना. आपलीच चूक होत असेल म्हणून मी गप्प राहिलो. साडभाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेवढ्यात ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या ताई मान वर न करता मोठ्यांदा म्हणाल्या, "तिसऱ्यानं काईच फरक नाई पडला. तोच बसला हाय."

"मले माहीत हाय," साडभाऊ म्हणाले. "मी याइले शिकवून राहिलो."

चहा आणायला मी आत गेलो तेव्हा ताई मागोमाग आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याइचा कान गेला जवाईबापू. दोन वर्सं झाले. तुमाले काहून बोलावलं वाटते? इंजिनातलं तुमाले समजते म्हणून?"

इतक्या रविवारी त्यांची व्याख्यानं ऐकूनही मला हे कळलं नव्हतं. ते कायम स्वतःच बोलतात, त्यामुळे त्यांना ऐकू येतं की नाही हा प्रश्नच कधी आला नव्हता. "त्यांना ठाऊक आहे का, तुम्हाला कळलंय ते?"

"नाई. तुमीबी दाखवू नोका." चहाचे कप त्यांनी माझ्या हातात दिले.

बाहेर साडभाऊंनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग अदलाबदल केले होते. तरीही तिसराच बसलेला. हे मी या वेळी न विचारता आणि स्पष्ट आवाजात सांगितलं. म्हणजे प्लग निर्दोष. राहिली वायर. वायरीतून ठिणगी बाहेर उडत असली तर ती अंधारात दिसते, पण सूर्य तर डोक्यावर आलेला. साडभाऊंनी घरातून काळी घोंगडी आणली, आणि आम्ही दोघं ती पांघरून चालत्या इंजिनावर वाकलो. रस्त्याने जाणाऱ्या दोन बायका थबकल्या. एकीने ताईंना विचारलं, "दोघंबी वाफारा घेऊन राहिले का?" ताई म्हणाल्या, "हो, सर्दी लय झाली."

घोंगडीत पेट्रोलचा वास होता आणि साडभाऊंचा श्वास. मग डोळे सरावले आणि दिसली: तिसऱ्या वायरीवरून निळसर ठिणगी टपटप उडून इंजिनाच्या अंगावर जात होती. वायरीला काहीतरी गुंडाळलेलं होतं; उजेडात धुळीखाली लपलेलं ते ठिणगीत चमकत होतं.

आम्ही बाहेर आलो. साडभाऊंनी इंजिन बंद करून ते बोटाने उकललं. जरीची तार होती. दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा त्यांनी साडीच्या काठाला वापरायची खरी चांदीची जर काढून चारही वायरींवर सुबक वेढे दिले होते. तिसरीचं रबर तडकलेलं होतं, आणि त्या फटीतून सगळी वीज जरीवर उतरत होती.

त्यांनी उरलेल्या तिन्ही वायरींवरचे वेढे बोटाने चाचपले. मग म्हणाले, "मीच बांधलो."

मला हसू आलं होतं, पण ते आलं तसं गेलं. ताई ओसरीवरूनच म्हणाल्या, "सोभत होती पण."

जर काढून त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली. जुन्या वायरींच्या डब्यातून एक धड वायर निघाली, ती बसवली, किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात लागलं. साडभाऊंनी मडगार्डवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे नाही, ताईंकडे पाहिलं.

"चारी चालून राहिले," ताई म्हणाल्या. "घ्या, हात धुवा."

वरठीहून परतताना त्यांनी इतकी हळू गाडी चालवली की सायकलवाले आम्हाला ओलांडून जाऊन पुन्हा वळून बघत होते. बाळ वाटभर झोपलं, आणि अंगणात इंजिन बंद होताच उठून तिने टाहो फोडला. लेकीने तिला आजोबांच्या खांद्यावर दिलं. बाळाचं तोंड अगदी त्यांच्या कानाशी आलं आणि साडभाऊ दचकले, मग त्यांनी मान तिरपी केली. लेक तिला परत घ्यायला लागली तर म्हणाले, "राहू दे. रडू दे जरा."

आता नात पुण्याला आहे. रविवारी सकाळी मला साडभाऊंचा फोन येतो. ख्यालीखुशाली विचारत नाहीत. गाडी सुरू करतात, फोन बॉनेटपाशी धरतात आणि म्हणतात, "सांगा, काय ऐकू येते?" मी कारध्याच्या घरात चहा थंड होऊ देऊन ऐकत बसतो. इंजिनातलं मला अजूनही काही कळत नाही. पण मी मध्येच "मस्त" म्हणून मोकळा होत नाही, नीट ऐकतो, आणि मग सांगतो. त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यांदा सांगतो. मागून ताईंचा आवाज येतो, "सांगितलं त्याइनं, चारी बरोबर हायेत," आणि साडभाऊ म्हणतात, "मले माहीत हाय."