चहा झाल्यावर मोजायचं

मंगळवारी सकाळी माझी बायको दवाखान्यात वारली. त्या वेळी तिच्या कारखान्याच्या शेडमध्ये, लेथ मशीनवर, रॉकेटची एक रिंग होती. शेवटचा कट राहिला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ती शेड मुळात माझ्या सासऱ्यांची. त्यांच्यामागे तिनेच चालवली. म्हणून तिथली माणसं तिला ताई म्हणत आणि मला दाजी. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या संसारात वाचायचं काम माझं आणि बोलायचं तिचं. तिचा आवाज चालू लेथच्या वरून ऐकू येई.

पंपाचे भाग करता करता एका कंपनीमार्फत तिच्याकडे रॉकेटचं काम आलं. ताटाएवढी अॅल्युमिनियमची रिंग, इंधनाच्या नळीच्या सांध्यावर बसणारी. तेव्हापासून मी रॉकेटांवरची पुस्तकं घरी आणू लागलो आणि जेवताना तिला सांगू लागलो. म्हैसूरच्या फौजेने लोखंडी नळीत दारू ठासून सोडलेले बाण, पुढे द्रवरूप इंधन, मग एकावर एक टप्पे रचून, रिकामा झालेला टप्पा वाटेत टाकून देण्याची युक्ती. मला ती युक्ती फार थोर वाटे.

“म्हंजे माझी रिंग समुद्रात पडणार की,” ती म्हणाली.

“हो. पहिल्या टप्प्याबरोबर.”

“पडू दे. तवर धरून ऱ्हायली म्हंजे झालं.” आणि तिने आणखी एक भाकरी घेतली.

एकदा मी तिला परदेशातल्या त्या यानाबद्दल सांगितलं, जे उडाल्यावर थोड्याच वेळात आकाशात फुटलं, कारण सांध्यातली रबरी रिंग थंडीने कडक झाली होती. तिचा घास हातातच राहिला. “निस्त्या थंडीनं? माणसं होती आत?” दुसऱ्या दिवशी तिने ही गोष्ट शेडमध्ये सगळ्यांना सांगितली. तिच्या तोंडून ती पुस्तकातल्यापेक्षा चांगली झाली असणार.

शेडमध्ये तिचे दोन नियम होते. ज्याने कापलं त्याने मोजायचं नाही. ती कापी तेव्हा फोरमन मोजत, फोरमन कापत तेव्हा ती. दुसरा नियम चहाचा. कापताना धातू तापतो, तापला की फुगतो, आणि तेव्हा घेतलेलं माप फसवतं. निवेपर्यंत थांबा, असं सासरे सांगून थकले होते. काम हातावेगळं करायच्या घाईत कुणी थांबत नसे. तिने उपदेश केला नाही. शेवटचा कट झाला की ती दारातून समोरच्या टपरीवाल्याला चहाची हाक मारी. चहा पिऊन होईस्तोवर मायक्रोमीटरला हात लावायचा नाही. एका हाकेने तिने जे साधलं, ते मला आजही थोर वाटतं.

तेरावा झाल्यावर कंपनीचा फोन आला. रिंग त्याच आठवड्यात हवी होती. धातू त्यांचा, मोजून दिलेला. दुसरा तुकडा नव्हता. रिंग बिघडली तर पुढचं काम दुसरीकडे जाणार होतं. मला कामाचं तेवढं वाटलं नाही. तिच्या हातची ती शेवटची वस्तू होती, आणि ती भंगारात जाऊ नये एवढंच मला हवं होतं.

फोरमन घरी आले. “दाजी, कट मी घेतो. पर मोजायला कोन?”

“दुसरा कुणी पाहा. मला नाही जमणार.”

“ताईंनी शिकवलंय की तुम्हास्नी. आम्ही बघिटलंय. हसलोय बी.”

मी गेलो. फोरमननी शेवटचा कट घेतला. धातूची चकाकणारी साल वळत वळत खाली आली आणि लेथ थांबला. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी मायक्रोमीटर लावला, चष्मा वर करून पाहिलं, पुन्हा लावला.

“जास्त आहे,” मी म्हणालो. “थोडंच, पण जास्त आहे.”

“मग येक बारीक कट घेतो.” त्यांनी हँडलवर हात ठेवला.

तेवढ्यात दारात ग्लास वाजले. टपरीवाला तारेच्या जाळीत चहा घेऊन उभा होता. “लेथ कवाधरनं थांबलाय, अजून हाक न्हाई! ताई न्हाईत म्हून चहा बी न्हाई व्हय?”

फोरमननी हँडलवरचा हात असा काढला, जणू चटका बसला. ते माझ्याकडे पाहत राहिले. मी रिंगला बोट लावलं. ती कोमट होती.

आम्ही तिघे स्टुलांवर बसून चहा प्यायलो. मग मी पुन्हा माप घेतलं. ड्रॉइंगवर होतं तेच आलं. आणखी कट घेतला असता तर रिंग गेली असती.

रिंग कंपनीकडे गेली, तपासणीत पास झाली. काही महिन्यांनी टपरीवरच्या टीव्हीवर आम्ही एक रॉकेट उडताना पाहिलं. आमची रिंग त्यात होती की नाही, ते कुणी कळवत नाही. टपरीवाल्याला ती शंका नव्हती.

“आमच्या ताईंचं हाय ते,” त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं.

“व्हय? कोल्हापुरातनं उडलं?”

“चहा प्या, पावणं. निवतोय.”

पहिला टप्पा सुटला, खाली कलला आणि पडद्यावरून गेला. उरलेलं रॉकेट वर जात राहिलं. फोरमननी टोपी काढून हातात धरली होती.

शेड चालू आहे. फोरमन कापतात. शेवटच्या कटानंतर चहाची हाक आता मी मारतो. माझा आवाज रस्त्यापलीकडे जात नाही, पण लेथ थांबल्याचं टपरीवाल्याला कळतं. चहा झाल्यावर मी मोजतो.