गुणवंताने सोडलेली पकड

रामाकोन्यात कबड्डीचा विषय निघाला की माझ्या धाकट्या दिराचं, गुणवंताचं नाव पहिलं यायचं. दिवसभर सौसरच्या जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहायचा आणि संध्याकाळी एका दमात चढाई करून तिघांना बाद करून परतायचा. शहाऐंशी साली रेल्वेच्या खेळाडू भरतीत त्याची निवड झाली. गावाने हार घातले. मग नागपूरला तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ती काढेचनात.

त्यांनी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. आमचे हे आणि मी सोबत गेलो. अंधाऱ्या खोलीत, छोट्या पडद्यावर, गुणवंताचं हृदय हलताना दिसत होतं.

"हृदयाची भिंत जाड झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "एरवी जाणवणार नाही. पण अंगाचा जोर लावला की रक्ताची वाट अडते. ओझी बंद, खेळ बंद. मैदानात पडलात तर उठवता येईलच असं नाही."

रेल्वेची नोकरी गेली. जिनिंगच्या मालकाने त्याला ओझी सोडवून फाटकावर बसवलं. घरी सासूबाई त्याला पाण्याची बादलीही उचलू देईनात, आणि बाहेर मात्र सांगत, "माह्या बैलासारख्या पोराले काय धाड भरली?" ताप नाही, खोकला नाही, आजारी म्हणावं तर कोणी मानेना, धडधाकट म्हणावं तर काही करू देईनात. ओट्यावर बसून तो नुसता बोटं मोडायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला सौसरला सामने होते. संघाचा कप्तान मोरेश्वर घरी आला.

"डॉक्टरनं दम बंद केला ना बे? तं तू दम घेऊच नको. चढाई आम्ही करतो. तू कोपऱ्यात राह्य, फक्त पकड. पकडाले कुठी दम लागते?"

सगळ्यांना हे एकदम पटलं. सासूबाईंनाही.

मी म्हटलं, "अहो, पकडीला जोर नाही लागत का? हृदयाला जोर कळतो, दम नाही."

"वहिनी, तुम्ही कालेजातल्या. कबड्डी कधी खेळल्या का जी?"

सगळे हसले. गुणवंताही हसला. तेव्हाच कळलं, हा जाणार.

सौसरला तिगावविरुद्धचा सामना शेवटच्या चढाईवर अडला होता. तिगावचा चिंधू आत शिरला आणि गुणवंताने त्याचा घोटा धरला. चिंधू रेषेकडे ओढत होता, आमचं गाव ओरडत होतं. आणि सगळ्यांच्या देखत गुणवंताची बोटं उघडली. चिंधूने रेषा गाठली.

"सोडला! यानं सोडला बे!" मोरेश्वर किंचाळला. गुणवंता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. त्याच्याकडे कोणी आलं नाही. मीच पाणी नेलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, पकड पक्की होती. छातीत ठोके असे सुटले, डोळ्यापुढं अंधारी आली. तो पडदा आठवला. बोटं मीच ढिली केली."

"बरं केलंत, भाऊजी."

"बरं तं केलं जी. पण मेलो असतो तं गाव रडलं असतं. आता म्हणून राह्यले, तिगाववाल्याईले फितूर झाला. उद्या जिनिंगले कोणत्या रस्त्यानं जाऊ?"

सौसरची बस धरायला आमच्या घरून बसथांब्याला जायचं तर गावच्या कबड्डीच्या मैदानावरूनच जावं लागतं. दुसरी वाट मलाही ठाऊक नव्हती.