आठ महिने घशाला औषध

"घसा ठणठणीत आहे, काका. दमलीत ती फुप्फुसं," छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठ महिने मी घशालाच औषध करत होतो.

आजाराचं नाव सीओपीडी. यात श्वासनळ्या सुजून अरुंद होतात आणि घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. विडी-सिगारेट किती, हा पहिला प्रश्न. मी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही. मग त्यांनी नोकरी विचारली. वाहतूक हवालदार, लालबाग-परळच्या नाक्यांवर तीस वर्षं. घराशेजारी जुन्या इमारती पाडतायत, तेही सांगितलं.

"एवढी वर्षं गाड्यांचा धूर, त्यात आता शेजारचं पाडकाम. एकच कारण असं म्हणता येत नाही, पण मोठा वाटा याचाच."

नायगावात मी आमच्या भजनी मंडळाचा बुवा. बुवाला खोकला झाला की तो घशालाच दोष देतो. मीही ज्येष्ठमध चघळला, हळदीच्या गुळण्या केल्या, दही सोडलं. पेटीवरची पट्टी काळी चारवरून खाली काळी दोनवर आणली. तरी ओळ अर्ध्यात तुटायची. पण बुवा थांबले की कोरसने ओळ उचलायची, ही आमची रीत. कोरसमधला बबन टॅक्सीवाला तर माझा श्वास संपायच्या आत उचलायचा. भजन सुरेल व्हायचं आणि आजार झाकला जायचा. शेवटी एकदा दुसऱ्या मजल्यावर दम लागून जिन्यातच बसलो, तेव्हा मुलीने ओढत इस्पितळात नेलं.

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने फुंकायची तपासणी. आपण तर गाणारे, असा माझा तोरा. तंत्रज्ञ "अजून, अजून" म्हणत राहिला आणि माझ्यात काही उरलंच नव्हतं. अहवालासाठी चार तास बाकावर बसलो. डबा उघडावासा वाटला नाही.

"गेलं ते परत येणार नाही. आहे ते सांभाळू," बाई म्हणाल्या. रोज इन्हेलर, बाहेर मास्क, श्वासाचे व्यायाम.

"आणि भजन?"

"स्वतःपुरतं गा. तीन तास मंडळ ओढायचं नाही."

आजाराच्या नावाने हललो नव्हतो, याने हललो.

बबनवर मात्र भडकलो. "तुला कळत होतं, मग बोलला का नाहीस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "कळत होता बुवा. पण तुमका तसा सांगूक जीभ वळाक नाय."

तुमच्या घरात कुणाचा दम असा तुटत असेल तर प्रेमापोटी सांभाळून घेऊ नका. तोंडावर सांगा. राग येईल, येऊ दे.

बुवाची जागा बबनलाच द्यायची होती. पण टॅक्सीत दिवसभर तोही तोच धूर खातो. म्हटलं, आधी त्या नळीत फुंकून ये. कुरकुरत गेला. अहवाल चांगला आला. त्या एकादशीला मी पेटी त्याच्यापुढे सरकवली आणि झांज घेऊन मागे बसलो. त्याने पहिली ओळ एका दमात, शेवटपर्यंत गायली. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.