स्वस्त गावातला कडू घास

आमचे मालक शिपायाच्या नोकरीतून रिटायर झाले तेव्हा त्यांनी मनाशी एकच गाठ मारली होती: पेन्शनीत भागवायचं, पोरापुढं हात पसरायचा नाही. आणि आमच्या गावात, डिंगोऱ्यात राहून ते जमायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं. घर स्वतःचं, दूध भावकीतलं, भाजी तर शेजारीण परसातनं आणून उंबऱ्यावर टाकायची. खर्च कसला आलाय डोंबलाचा?

"आहेर," ते म्हणायचे. "लग्नसराई आली की रोज पत्रिका. जावळ हाय, घरभरणी हाय, दहाव्याला जायचं तर गाडीभाडं हाय. यात्रेला पावण्यांच्या पंगती येगळ्याच. हितं माणूस खातोय कमी नि देतोय लई."

खोटं नव्हतं ते. पण म्हणून कुणी गाव सोडतं का? यांनी सोडलं. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, घाटाखाली समुद्राकाठी एक गाव आहे, खोल्या मातीमोल भाड्यानं मिळतात. झालं, आम्ही बाडबिस्तरा घेऊन खाली उतरलो.

स्वस्त होतंच ते गाव, उगाच नावं कशाला ठेवू? भाडं कमी, मासळी कमी पैशात. माझे गुडघे धरलेले, म्हणून एका बाईकडून दोन माणसांचा डबा लावला. महाग एकच, भाजी. आपल्याच बाजूची कोथिंबीर तिथं पोचेस्तोवर मान टाकायची, आणि भाव काय विचारता! मालक म्हणायचे, "मग नको खाऊ. बांगडा खा."

आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच, कुठून कुठून आलेले, दारं लावून बसणारे. माणसं वाईट नव्हती. जिन्यात भेटली की हसायची. पण ओळख नाही, तर पत्रिका देणार कोण? दोन वर्षांत एक आहेर झाला नाही. मालक लई खूश. गावाकडच्या शेजारणीच्या थोरलीचं लग्न निघालं, पत्रिका मोबाइलवर आली. "लांब हाय, जमायचं न्हाई," असं कळवून मोकळे झाले. मी म्हणाले, मला करमत नाही इथं. तर म्हणाले, "करमायला पैसं पडत्यात."

ऐन पावसाळ्यात ते गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येण्याआधीच गेले. घाटात दरड पडलेली. मुलगा पुण्याहून लांबचा वळसा घालून आला आणि म्हणाला, "आई, गावाला न्यायचं जमणार नाही." तिथंच केलं. गावाकडचं कुणी पोचू शकलं नाही. मला रडू आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, दात काढताना इंजेक्शन देतात तसं.

आमच्याकडं कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना बळंच घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. किती घरी नेला असेल मी! त्या संध्याकाळी दार वाजलं तेव्हा मला वाटलं, आणला कुणीतरी.

डबा आला होता. दोन माणसांचा, रोजच्यासारखा. त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं, तिची काय चूक? मालकांचा डबा मुलानं खाल्ला. दिवसभराचा उपाशी होता बिचारा. माझा मी खाल्ला. महिनाअखेर तिनं दोन माणसांचे पैसे घेतले, मी दिले.

मग मुलानं गाडीत सामान भरलं आणि माझ्याच हट्टानं मला डिंगोऱ्यात आणून सोडलं. तो परत गेला. घरात धूळ, कोंदट वास. मी पायरीवर बसले होते, तर शेजारीण आली. हातात ताट, त्यावर फडकं.

"उशीर झाला बाय," ती म्हणाली. "पर ऱ्हायला नगं."

फडक्याखाली पिठलं आणि भाकरी. माझा हात आपसूक पिशवीत गेला. मी नोट काढली. "किती झाले?"

"कशाचं?"

"डब्याचे."

तिनं नोटेकडं बघितलं. मग ताट खाली ठेवून माझ्यासमोर मटकन बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. "आगं माजे बाय, काय करून आलीस गं तू!" माझ्या मालकांसाठी पहिल्यांदा कुणीतरी असं रडत होतं, आणि मी नोट धरून नुसती बघत होते.

तिनं रडत रडतच भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि माझ्या तोंडात कोंबली. मी चावत राहिले. पदरानं नाक पुसून ती दरडावून म्हणाली, "धाकटीचं ठरलंय. थोरलीच्या येळंला चुकवलंस. या टायमाला भारीतलं पातळ घेनार मी तुज्याकडनं, सांगून ठेवते."

"घे," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं.