घरी बसलेली दोन वर्षं

मला एका जागी बसवत नाही. मीटिंग लांबली की कानात इअरफोन घालून मी घरभर फिरते. कोड चढवून निकालाची वाट बघायची असेल, तर तेवढ्यात स्वयंपाकघरातले डबेही पुसून होतात. नवऱ्याला वाटतं, बायकोचा कामाचा उरक दांडगा आहे. उरक कसला, भीती आहे ती. आणि ती कुठे बसली तेही मला पक्कं ठाऊक आहे. पांढरकवड्याला, माहेरच्या फाटकासमोर, भर दुपारी.

यवतमाळला इंजिनिअरिंग करून मी घरी आले आणि दोन वर्षं घरीच राहिले. बाबा त्याच साली शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले होते. आम्ही दोघंही घरी बसलो, असं गल्लीत म्हणत. मी बसले कुठे होते? बसस्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे सकाळी शिकवायला जायची. झरी जामणीकडून पहाटेची बस पकडून येणाऱ्या मुली होत्या, भरतीची तयारी करणारी पोरं होती, आणि माउस हातात धरला की घामाघूम होणारे एक पोलीस पाटीलही होते. दुपारी घरी येऊन जावा प्रोग्रॅमिंग शिकायची आणि अर्ज टाकायची. अर्जाला उत्तर म्हणून नाही. कंपन्यांना एक तर त्याच वर्षीचा पदवीधर हवा, नाही तर अनुभवी. क्लासमध्ये शिकवलेलं कोणी अनुभवात धरतच नव्हतं.

शेवटी हैदराबादच्या बसमध्ये बसले. चार महिन्यांचा कोर्स केला. कोर्स संपल्यावर तिथल्या सरांनी जो सल्ला सगळ्यांना दिला तोच मलाही दिला: दोन वर्षांचा अनुभव लाव. एका कन्सल्टन्सीने अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं तयार करून दिलं. हैदराबादची ती कंपनी फक्त लेटरहेडवर होती. खोलीतल्या बाकीच्या तिघींनी तेच केलं होतं आणि तिघींनाही नोकऱ्या लागल्या होत्या. मला लाज वाटली. नाही असं नाही. पण पंधरा दिवसांत इंटरव्ह्यूचे फोन सुरू झाले आणि लाजेकडे बघायला वेळ उरला नाही. इंटरव्ह्यूतली उत्तरं मात्र माझी स्वतःची होती, हे आजही ठणकावून सांगते.

पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आली. रुजू व्हायला तीन आठवडे होते म्हणून घरी आले. बाबांनी मला न विचारता पेढे वाटून टाकले, अगदी क्लासखालच्या बियाणेवाल्यालासुद्धा. ‘अनुभव नसून बी घेतलं त्यायनं?’ एवढंच त्यांनी विचारलं. ‘परीक्षा घेतली होती,’ मी म्हणाले. त्यावर त्यांनी आणखी दोघांना पेढे दिले.

आता उरली होती फक्त कंपनीची पडताळणी. कागद तपासतात, जुन्या कंपनीला फोन करतात, पत्त्यावर माणूस पाठवतात. कागदांची आणि फोनची सोय कन्सल्टन्सीने केली होती. माणूस घरी येतो, हे मी विसरले होते.

तो आला मोटरसायकलवर. आमचं घर सापडेना म्हणून समोरच्या काकूंच्या ओट्यापाशी थांबला. काकू मिरच्यांची देठं मोडत होत्या. मी खिडकीत होते, शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्याने माझं नाव घेऊन विचारलं, इथेच राहते का, किती वर्षांपासून राहते, माणसं कशी आहेत.

आता आमच्या गल्लीत अनोळखी माणूस मोटरसायकल उभी करून लग्नाच्या मुलीबद्दल असं विचारतो, ते एकाच कामासाठी. त्यातून बाभुळगावचं एक स्थळ येणार अशी कुणकुण काकूंना होती. त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सरकवलं आणि पदर सावरला.

‘पोट्टी म्हणजे सोनं आहे, भाऊ. यवतमाळले होस्टेलात शिकली, मंग दोन वर्सं घरीच. सकाळी किलासले गेली का दुपारी जेवाले घरी. कोणाकडं वर मान करून पाह्यलं नाही तिनं.’

‘हैदराबादले होत्या ना त्या?’ त्याने विचारलं.

मी खिडकीतून ओरडायला हवं होतं.

‘हे पाहा,’ काकू पुढे सरकून म्हणाल्या, ‘हैदराबादले राह्यली म्हणून कोणी काई बी सांगन, आयकू नका. चार महिने गेलती फक्त, कोर्साले. संगं आपल्या इकडच्याच पोरी होत्या. वरीस-दोन वर्सं राह्यली असं कोणी म्हणत असन तं त्याले माह्यासमोर आणा!’

नंतर तो आमच्याकडे आला. फाटकाचा फोटो काढला, आधार कार्ड पाहिलं, आईने दिलेला चहा उभ्यानेच प्याला. माणूस बरा होता. फोनवर अंगठा चालवताना हळूच म्हणाला, ‘मॅडम, जे आयकलं तेच टाकावं लागते मले. तिथं दोन वर्सं लिवलं आहे तुमी.’ आईला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

तो गेल्यावर पाच मिनिटांत काकू आल्या, चेहरा फुललेला. ‘पोरगा काय करते वं? म्या तं असं सांगतलं, का नाही म्हणूच शकत नाही!’ त्यांच्यावर चिडायचं तरी कशावरून? माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मला मात्र त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला.

पुढचे चार दिवस मी घरात वेड्यासारखी फिरत होते. गच्चीवर जायची, मेल बघायची, खाली यायची, पुन्हा बघायची. ताटावरून उठायची. आई म्हणाली, ‘दम धर जरा, पायाले भिंगरी लावली काय?’ पाचव्या दिवशी फोन आला तेव्हा मी बाबांच्या समोरच होते. मला नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला.

पलीकडे कंपनीची मुलगी होती. हिंदीत, अगदी गोड आवाजात विचारत होती, या दोन वर्षांत तुम्ही नक्की कुठे होता? रचलेलं उत्तर तयार होतं. घरून काम होतं, शेजाऱ्यांना माहीत नसतं, वगैरे. ओट्यावर काकू मिरच्या निवडत होत्या. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, ‘घर पर थी.’ तिने विचारलं, म्हणजे काम करत नव्हता? मी पुन्हा म्हणाले, ‘घर पर थी.’ तिने आभार मानून फोन ठेवला.

ऑफर गेली. पुढे आठ महिन्यांनी नागपूरच्या एका लहान कंपनीत अगदी खालून सुरुवात केली. आज बरं चाललंय. माझ्या बायोडेटामधल्या ओळीन् ओळीला पुरावा आहे, तरीही कोणी ‘जरा बोलायचं होतं’ म्हणालं की मी उठून चालायला लागते.

त्या दुपारी बाबांना सगळं सांगावं लागलं. पत्र, स्लिपा, सगळं. ते रागावतील असं वाटलं होतं. पेढे खाल्लेली माणसं त्यांना रोज भेटणार होती.

पण ते एवढंच म्हणाले, ‘काहून लिवलं असं?’

‘खरं लिवत होती तवा कोणी फोन बी करत नव्हतं, बाबा. कोणी विचारलं का दोन वर्सं काय केलं, तं काय सांगू? वाया गेलेलं दिसते ते.’

‘वाया?’ बाबा म्हणाले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘आमची तं तेच दोन वर्सं चांगली गेली वं, माय.’